सिंधू, सुलभा आणि माझी आवड
(बी.कॉम. भाग २)

माझे आजोळ इंदूरचे. आमचे घर बेळगावात, शाळा मराठी माध्यमाची, गल्लीतल्या मैत्रिणी कानडी आणि मे महिना इंदूरला, अशी माझी आजवरची वर्षे गेली. होळकरांबरोबर माळव्यात गेलेला मराठी माणूस तिथलाच झाला. त्यामुळे रामबागेतल्या आजीच्या घरी सकाळी पोहे-जलेबी, दुपारी पोळी-भाजी आणि रात्री सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस असा मिश्र कारभार चालतो. भाषेचेही तेच. मामा मराठीत सुरू केलेले वाक्य हिंदीत संपवतात आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

गेल्या मे महिन्यात एका रात्री जेवणे आटोपून आम्ही सगळे टी.व्ही.पुढे बसलो होतो. एक जुना हिंदी चित्रपट लागला होता. नायक नायिकेच्या मागे लागतो, तिची ओढणी धरतो, ती रागावते, तो पुन्हा मागे लागतो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत ती लाजू लागते. घरातले सगळे हसत होते. हाच चित्रपट मी आठवीत असताना याच खोलीत पाहिला होता आणि मीही पोट धरून हसले होते. या वेळी मात्र हसू येईना. मधल्या काळात बसस्टॉपपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत कुणी मागे मागे येण्याचा अनुभव मीही घेतला होता, आणि त्यात गाणे कुठेच नव्हते. मी उठून गच्चीवर गेले. मागोमाग मामेभाऊ आला आणि म्हणाला, "ताई, तुझ्याबरोबर आता काही पाहायची सोय राहिली नाही. तुमचा स्त्रीवाद म्हणजे सगळ्या मजेवर पाणी!"

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही, कारण त्याचा प्रश्न खोटा नव्हता. विचार बदलले की आवड बदलते का? बदलावी का? आणि बदलली तर पूर्वी जे जिवापाड आवडत होते त्याचे काय करायचे? उरलेली सुट्टी मी याच प्रश्नांमागे घालवली. हा लेख म्हणजे त्या सुट्टीचा हिशेब आहे.

नजर म्हणजे काय?

स्त्रीवाद म्हणजे पुरुषांचा द्वेष, असा एक समज आपल्या कॉलेजातही आहे. करमणुकीच्या बाबतीत त्याचा अर्थ माझ्या मते साधा आहे. गोष्ट कोण सांगतो आहे, कुणाच्या डोळ्यांनी आपण पाहतो आहोत, आणि तिच्यातल्या बाईला स्वतःचे काही म्हणणे आहे की नाही, हे विचारायचे.

हे विचारणे परदेशातून आले असे कुणी म्हणेल तर ते बरोबर नाही. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. त्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर जी टीका केली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. त्यात त्या कायद्याबद्दल आणि रूढींबद्दल बोलतातच. पण गोष्टी-नाटकांत बायकांना कसे रंगवतात, याचाही पुरुष लेखकांना जाब विचारतात. म्हणजे ‘हे मला आवडत नाही, कारण यात माझ्यावर अन्याय आहे’ असे मराठीत एका बाईने बोलून दाखवले त्याला जवळजवळ दीडशे वर्षे होत आली.

पुढे १९७५ साली लॉरा मल्व्ही या इंग्रज अभ्यासक स्त्रीने एका निबंधात चित्रपटांविषयी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. हॉलिवुडच्या चित्रपटांत कॅमेरा बहुधा पुरुषाच्या जागी उभा असतो. पुरुष पाहतो आणि बाई पाहिली जाते. पडद्यावरचा नायक तिच्याकडे ज्या नजरेने पाहतो तीच नजर प्रेक्षकाला दिली जाते, मग तो प्रेक्षक पुरुष असो वा बाई. आपल्याकडचे पावसातले कुठलेही गाणे आठवावे. भिजलेली नायिका आपल्याला दिसते, पण तिला स्वतःला काय दिसते आहे हे सहसा दाखवत नाहीत. आठवीत मी हसले ते नायकाच्या जागी बसून. आता मी नायिकेच्या जागी बसते आणि तिथून तेच दृश्य भीतिदायक वाटते. चित्रपट तोच आहे, माझी खुर्ची बदलली आहे.

आणखी एक कसोटी अलीकडे पुष्कळांना ठाऊक झाली आहे. अमेरिकेतल्या ॲलिसन बेक्डेल या व्यंगचित्रकार स्त्रीने १९८५ साली एका चित्रमालिकेत ती दिली. चित्रपटात निदान दोन बायका आहेत का? त्या एकमेकींशी बोलतात का? आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाविषयी बोलतात का? मी आणि मामेभावाने मिळून ही कसोटी त्याच्या आवडत्या दहा चित्रपटांना लावली. निकाल त्यालाच ऐकवत नव्हता. मात्र ही कसोटी म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत. दूरदर्शनसंचावरच्या कित्येक मालिकांत सासवा-सुना दिवसभर एकमेकींशीच बोलतात, तेही दागिन्यांविषयी, स्वयंपाकाविषयी आणि कपाटाच्या किल्ल्यांविषयी. त्या मालिका या कसोटीत सहज उत्तीर्ण होतील! बायका किती बोलतात याची ती मोजणी आहे. त्या काय बोलतात हे आपल्यालाच पाहावे लागते.

आजीची नाटके

आजीला जुनी संगीत नाटके तोंडपाठ आहेत. मुंबई-पुण्याची मराठी नाटके ‘सानंद’सारख्या संस्थांमुळे इंदूरला येतात आणि आजी गुडघे दुखत असले तरी ती चुकवत नाही. तिच्यामुळेच मी ‘शारदा’ आणि ‘एकच प्याला’ वाचले.

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ चे. म्हाताऱ्या भुजंगनाथाला पैशासाठी मुलगी विकायला निघालेला कांचनभट आपल्याला ठाऊक आहे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, म्हणून तो या नाटकावरूनच आला असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे ते नाव तो कायदा मांडणारे हरविलास सारडा यांच्यावरून पडले. त्या कायद्याने मुलीचे वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. आपल्या समाजाची लाज वेशीवर टांगणारे हे नाटक मला आजही मोठे वाटते. पण या वेळी वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. ते लग्न मोडते ते शारदा ‘नको’ म्हणते म्हणून नव्हे. वधू आणि वर सगोत्र निघतात म्हणून! मुलीच्या नकाराला जे वजन नव्हते ते गोत्राला होते. देवलांना हे दाखवायचे होते की त्यांच्या काळाला यापलीकडे जाता येत नव्हते, हे मी सांगू शकत नाही. पण पूर्वी मला ते दिसलेच नव्हते आणि आता ते दिसल्यावाचून राहत नाही.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांनी सिंधू उभी केली. सुधाकर वकील दारूच्या आहारी जातो, सिंधू दळणे दळून घर चालवते, त्याच्याच हातून मूल जाते, तिला मरणाचा घाव बसतो, आणि मरताना ती फौजदाराला खोटे सांगून नवऱ्याला वाचवते. हजारो बायका या सिंधूसाठी रडल्या. मला ते नाटक वाचून संताप आला. ‘अगं, खरे सांग ना!’ असे मी त्या पुस्तकालाच म्हणत होते.

त्यातही गंमत अशी की, त्या काळची ही आदर्श पतिव्रता लिहिली एका पुरुषाने आणि वठवली दुसऱ्या पुरुषाने. बालगंधर्वांचे नेसणे, दागिने, चालणे यांचे अनुकरण घरंदाज बायका करीत. बाईने कसे असावे हे पुरुष रंगमंचावर दाखवणार आणि ते पाहून बायका घरी तसे वागणार, असा तो उलटा प्रवास होता. बालगंधर्वांच्या गाण्याची थोरवी याने तसूभरही कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे समजायला सोपे जावे. एकाच व्यवहाराची नोंद दोन खात्यांत होते. एक नोंद केली म्हणून दुसरी खोडायची नसते.

इंदूरची मुमताज

इंदूरचा लालबाग राजवाडा पाहताना मामांनी एक हकीकत सांगितली आणि मग मी ती मिळेल तिथून वाचून काढली. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारात मुमताज बेगम नावाची नर्तकी होती. तिला तिथे राहायचे नव्हते. ती निसटली आणि पुढे मुंबईत अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याच्या आश्रयाला राहिली. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर त्यांची मोटार अडवण्यात आली. बावलाला गोळ्या घातल्या आणि मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. योगायोगाने तिथून जाणाऱ्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी तिला वाचवले. खटला देशभर गाजला, आणि १९२६ साली महाराजांना गादी सोडावी लागली.

त्याच १९२५ साली कोहिनूर फिल्म कंपनीने या प्रकरणावर होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली मूकपट काढला. नाव होते ‘कुलीन कांता’. एका बाईच्या चेहऱ्यावरच्या जखमा भरल्या न भरल्या तोच तिची गोष्ट तिकीट लावून दाखवली जात होती. मी तो चित्रपट पाहिलेला नाही. त्या काळचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत, त्यामुळे त्यात तिला कसे दाखवले यावर मी बोलणार नाही. पण नाव माझ्या मनातून जात नाही. मुमताज कोर्टात उभी राहून सर्वांसमोर बोलली होती. ‘मला तिथे राहायचे नव्हते’ एवढे तिचे साधे म्हणणे होते. ते ऐकायला ती ‘कुलीन’ असण्याची काय गरज होती?

बाईवर झालेला अत्याचार ही करमणुकीची जुनी सामग्री आहे. आजही गुन्ह्यांच्या मालिका आपण रात्री जेवताना पाहतो. त्या पाहू नयेत असे मी म्हणत नाही. पण मी आता एक गोष्ट पाहते. गुन्हा झाल्यावर कॅमेरा कुणाबरोबर जातो? पोलिसाबरोबर, गुन्हेगाराबरोबर, की तिच्याबरोबर?

सुलभा आणि कावेरी

आजीला मी जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ दाखवला. हा १९८२ चा चित्रपट शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेला असून पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. स्मिता पाटीलची सुलभा सुखवस्तू घर सोडून एका महिलाश्रमाची अधीक्षक होते, तिथला भ्रष्टाचार पाहून राजीनामा देते, घरी परत येते. तिच्या गैरहजेरीत नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध जुळले आहेत हे तिला कळते आणि ती पुन्हा उंबरठा ओलांडते. नवऱ्याचे काम गिरीश कार्नाडांनी केले आहे. कन्नड विभागाच्या वाचकांना हे नाव सांगण्याची गरज नाही.

त्याच मैत्रिणींसाठी एक तुलना मांडते. त्रिवेणी यांच्या कादंबरीवरून पुट्टण्णा कणगाल यांनी १९७१ साली ‘शरपंजर’ काढला. कल्पनाने केलेली त्यातली कावेरी बाळंतपणानंतर मनाने आजारी होते, बरी होऊन घरी येते. पण आजूबाजूचे लोक तिला वेडीच समजत राहतात आणि नवऱ्याचे मन दुसरीकडे गेलेले असते. ती पुन्हा कोसळते. दोघीही बाहेरून घरी परत येतात, दोघींची जागा दुसऱ्या कुणी घेतलेली असते. एक मनाने मोडते, दुसरी पिशवी उचलून निघते. मध्ये अकरा वर्षे आहेत. १९८३ साली प्रेमा कारंत यांनी एम. के. इंदिरा यांच्या कादंबरीवरून ‘फणियम्मा’ केला. त्यातली बालविधवा आयुष्यभर सोसते, पण उतारवयात दुसऱ्या एका मुलीच्या केशवपनाला विरोध करते. माझ्या मते या तिघींत श्रेष्ठ-कनिष्ठ लावणे चुकीचे आहे. स्त्रीवादी आवड म्हणजे ‘नायिका बंडखोर हवी’ अशी अट नव्हे. कावेरीचे कोसळणे पाहताना आपण तिला वेडी समजत नाही, घराला दोषी धरतो. एवढे त्या चित्रपटाने साधले आहे.

आणि गंभीर असेल तरच स्त्रीवादी, असेही नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेचे ‘मुलगी झाली हो’ हे ज्योती म्हापसेकर यांचे नाटक १९८३ साली आले. गाणी, थट्टा, लोकनाट्याचा बाज, सगळे त्यात होते आणि ते खेडोपाडी पोहोचले. सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून ‘व्हय मी सावित्रीबाई’ एकटीने उभे राहून केले. लोकांनी हसत, टाळ्या देत पाहिले. मजेवर पाणी कुठे पडले?

तिकीटबारीचे मत

मामेभावाने शेवटचा मुद्दा काढला: "लोकांना आवडते तेच विकले जाते. बायकाच रडायला जातात ना?" तोही वाणिज्य शाखेचाच! १९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ प्रचंड चालला. अलका कुबलची सोशीक सून पाहायला बायकांनी गर्दी केली. २०२३ साली केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरतात. त्यालाही बायकांनीच गर्दी केली, साड्या नेसून, घोळक्याने. गिऱ्हाईक एकच आणि माल दोन प्रकारचा! याचा अर्थ मी असा लावते की मागणी ‘सोशीक बाई’ला नव्हती. आपले कुणीतरी पडद्यावर दिसावे, एवढीच मागणी होती. दुकानात जे ठेवले होते ते बायकांनी घेतले. दुसरे ठेवल्यावर तेही घेतले. पुरवठा पाहून मागणी ठरवणे ही आमच्या अर्थशास्त्राच्या पेपरातही चूक धरतात.

गीता

‘उंबरठा’ संपल्यावर आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोटच्या पोरीला सोडून गेली ती. मला नाही आवडली." मी चिडले. नको तितके बोलले. तुला सिंधू आवडते, मार खाणारी, खोटे बोलून नवऱ्याला वाचवणारी, असे काहीबाही. आजी उठून देवघरात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेंगा निवडताना तिने आपणहून विषय काढला. लग्न होऊन ती रामबागेत आली तेव्हा वाड्याच्या गणेशोत्सवात बायकांनी ‘एकच प्याल्या’तले काही प्रवेश करायचे ठरवले होते. आयुष्यात एकदाच ती रंगमंचावर उभी राहिली, ती सिंधू म्हणून. "तू जिला नावे ठेवतेस ना, ती मी झाले होते," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

थोड्या वेळाने ती हसली. "खरे सांगू? मला गीता करायची होती." गीता म्हणजे तळीरामाची बायको, फटकळ, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. आजीने तालमीत ती वाचली होती आणि सगळ्या बायका हसून लोळल्या होत्या. पण घरातून निरोप आला: नव्या सुनेने तोंडाळ बाईचे काम करू नये, सिंधू करणार असेल तर हरकत नाही. पुढच्या वर्षी माझ्या मावशीचा जन्म झाला, आणि नाटक राहिले ते राहिलेच.

मी सिंधूला आजीची आवड समजत होते. ती आजीला मिळालेली परवानगी होती. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "अगं, सिंधूसाठी मी रडते ते ती चांगली आहे म्हणून नाही. तेवढ्या वेळात मला कुणी ‘का रडतेस?’ म्हणून विचारत नाही." सुलभाबद्दलचे मत मात्र तिने बदललेले नाही, आणि मीही माझे बदललेले नाही.

तेव्हा मामेभावाला माझे उत्तर असे. होय, काही मजा गेली. ओढणी धरण्यावर मला आता हसू येणार नाही आणि ते परत यावे असेही वाटत नाही. पण त्या जागी बरेच काही आले आहे. शारदेचा न ऐकलेला नकार आला, मुमताज आली, कावेरी आली, आणि इतकी वर्षे शेजारी बसून नाटके पाहणारी माझी आजी आली. जुने टाकून द्यावे असे मला वाटत नाही. ते पुन्हा पाहावे, आणि पाहताना शेजारी कोण बसले आहे तिकडेही पाहावे.

निघायच्या आदल्या रात्री मामा, मामी, मामेभाऊ आणि मी असे चार प्रेक्षक जमवून आजीने गीतेचा प्रवेश करून दाखवला. मधली काही वाक्ये ती विसरली होती, तिथे तिने स्वतःची घातली. सगळ्यांत मोठ्याने मामेभाऊ हसला.